साताऱ्याचा घाट उतरताना: एका हौशी धावपटूने केलेले परीक्षण

सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाला सगळे जण एकच प्रश्न विचारतात, "चढ जमला का?" मला चढ जमला. माझे जे काही बिनसले ते उतारावर, आणि ते का बिनसले हे समजून घेण्यात पुढचे काही आठवडे गेले. त्यामुळे हे परीक्षण शर्यतीचे जितके आहे तितकेच माझ्या तयारीचेही आहे. दोन्ही वेगळे करून लिहिता आले असते, पण ते प्रामाणिक झाले नसते, कारण हा मार्ग धावणाऱ्याच्या तयारीतली नेमकी उणीव शोधून काढतो आणि उरलेल्या वाटेवर तिचेच माप त्याच्या पदरात घालतो.

माझी कुवत आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कोणत्या तराजूत तोलायचे ते वाचकाला ठरवता येईल. वय सत्तेचाळीस, नोकरी बैठी आणि धावण्याचा सराव सहा वर्षांचा. सपाट रस्त्यावरची माझी सर्वांत चांगली अर्धमॅरेथॉन १ तास ५८ मिनिटांची आहे. राहायला सांगलीत. कृष्णाकाठच्या या गावात उंचवटा म्हणून काय ते पूल आणि बंधारे, त्यामुळे आमच्याकडचा धावपटू वेगाने तयार होतो, पण डोंगराला बिचकतो. साताऱ्याला नाव नोंदवताना मी मनाशी २ तास १५ मिनिटांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात लागले २ तास २७ मिनिटे ४० सेकंद. मधल्या साडेबारा मिनिटांपैकी घाट चढताना गेले फक्त दीड मिनिट, बाकीची अकरा मिनिटे मी उतरताना घालवली.

ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. यवतेश्वरच्या रस्त्याने पुढे लागणारे कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झाले तेही त्याच वर्षी. सातारा रनर्स फाउंडेशन ही स्थानिक धावपटूंची संस्था शर्यत भरवते. २०१५ साली एकाच डोंगरावर २,६१८ जण धावल्याबद्दल तिची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली आणि तेव्हापासून ती केवळ सातारकरांची राहिली नाही. पुण्या-मुंबईकडच्या धावपटूंसाठी पावसाळा सरत येतानाची ही शर्यत म्हणजे जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीतला पहिला मोठा टप्पा असते. साताऱ्याला धावण्याची परंपरा काही नवी नाही म्हणा. ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या.

मार्ग जाऊन-येऊन आहे. मी धावलो त्या वर्षी शहरातून समर्थ मंदिराकडे, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वरच्या पठारावर (कासच्या बरेच अलीकडे), मग वळसा घेऊन त्याच वाटेने परत असा तो होता. माझ्या मोजणीप्रमाणे शहरातले साधारण साडेतीन किलोमीटर, घाटाचे पाच आणि वरच्या पठारावरचे दोन, असे जाताना साडेदहा आणि येताना पुन्हा तेवढेच. हे तिन्ही तुकडे तीन वेगळ्या शर्यतींसारखे आहेत. परतताना त्यांचा क्रम उलटतो आणि स्वभावही.

शहराचा भाग फसवा आहे. साताऱ्याचे रस्ते अजिंक्यताऱ्याच्या अंगाने हळूहळू चढत जातात. गाडीतून जाताना हा चढ जाणवत नाही आणि पहाटेच्या गर्दीत, ढोल-ताशांच्या आवाजात, पायांनाही तो लगेच कळत नाही. घरांच्या दारांत, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे उभी असतात. साताऱ्यातले हे प्रोत्साहन ठरवून उभे केलेले वाटत नाही, कारण त्यात बायका हातातले काम तसेच घेऊन आलेल्या असतात आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून शाल असते. मोठ्या शहरांतल्या शर्यतींत रस्ता अडवला म्हणून वैतागलेले मोटारवाले मी पुष्कळ पाहिले आहेत. इथे माझ्या वाट्याला तसा एकही चेहरा आला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीही साताऱ्याला जावे, असे मी म्हणेन. या भरात पहिले साडेतीन किलोमीटर बावीस मिनिटांत गेले, म्हणजे ठरवले होते तितकेच, आणि मला स्वतःच्या संयमाचे कौतुक वाटले.

समर्थ मंदिर मागे पडले की घाट लागतो. या चढाबद्दल धावपटूंच्या गप्पांत इतके काही ऐकलेले असते की प्रत्यक्ष चढ थोडा सौम्यच वाटतो. तो अंगावर येणारा नाही, रस्ता वळणावळणाने उंची घेतो आणि प्रत्येक वळणाशी क्षणभर सवलत देतो. घाटाचे पाच किलोमीटर मी बेचाळीस मिनिटांत चढलो. त्यात दोनदा मिनिटभर चाललो, आणि तेही ठरवूनच. चढावर धावताना श्वास हा चांगला पहारेकरी असतो. वेग जरा वाढला की तो लगेच फुलतो आणि माणसाला आवरावेच लागते. खाली शहर दिसू लागते, समोर अजिंक्यतारा असतो आणि थोड्या वेळाने लक्षात येते की एरवी मान वर करून पाहायचा हा किल्ला आता डोळ्यांच्या पातळीला आला आहे. आपण किती चढलो हे सांगायला याहून सोपी खूण नाही, घड्याळाकडे पाहायचीही गरज पडत नाही. सकाळी धुके होते, अधूनमधून पावसाची सर येत होती आणि डांबर ओले होते. अंग तापू न देणारी ही हवा म्हणजे या शर्यतीची मोठी देणगी आहे. सांगलीच्या उन्हात हाच चढ मला धावता आला असता असे वाटत नाही.

वरचे पठार मला सर्वांत आवडले आणि त्याच्याबद्दल बोलले जाते सर्वांत कमी. घाट संपला म्हणजे सपाटी आली, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात रस्ता डोंगराच्या सोंडेवरून लहान-लहान चढउतार घेत जातो. धुके विरळ झाले की एका अंगाला कण्हेर धरणाचे पाणी दिसते, तर दुसऱ्या अंगाला उरमोडीचे. वारा मात्र मोकळा आहे आणि जाताना तो समोरून होता, त्यामुळे हे दोन किलोमीटर अपेक्षेपेक्षा हळू, जवळपास चौदा मिनिटांचे झाले. वळशाच्या खुणेशी मी पोहोचलो तेव्हा घड्याळात १ तास १८ मिनिटे ३० सेकंद झाले होते. परतीसाठी ठरवलेली वेळ अठ्ठावन्न मिनिटांची होती. दम लागलेला नव्हता, पाय हलके होते आणि पुढे सगळा उतार. माझ्या मनात फिनिशचा फोटो तयार होऊ लागला होता.

पुढचे आकडे तसेच देतो. पठारावरचे दोन किलोमीटर ११ मिनिटे ४० सेकंद. घाटाचा पहिला किलोमीटर ५ मिनिटे ५ सेकंद, दुसरा ५ मिनिटे १० सेकंद. इथवर मी लोकांना मागे टाकत होतो आणि चढावर ज्यांनी मला ओलांडले होते त्यांच्या पाठी एकेक करून ओळखीच्या होत होत्या. तिसरा किलोमीटर ६ मिनिटे १० सेकंद. चौथा पावणेसात मिनिटांचा. पाचवा ७ मिनिटे १० सेकंद. आणि शहरातले शेवटचे साडेतीन किलोमीटर, जे पुन्हा उताराचेच आहेत, सत्तावीस मिनिटांहून अधिक. ज्या शहरी तुकड्यात जाताना चढ असूनही बावीस मिनिटे लागली, त्याच तुकड्यात येताना उतार असूनही पाच मिनिटे जास्त लागली. या एका वाक्यात माझी शर्यत आली.

तिसऱ्या किलोमीटरला नेमके काय झाले, ते सांगण्यासारखे आहे. थकवा आला नाही, पोटऱ्यांत गोळे आले नाहीत, धाप लागली नाही. गुडघ्याच्या वरचा मांडीचा पुढचा भाग प्रत्येक पावलागणिक थरथरू लागला आणि पाय टेकला की गुडघा किंचित खचतो आहे असे वाटू लागले. उतार तोच, रस्ता तोच, श्वास जवळपास चालणाऱ्या माणसासारखा शांत, आणि तरीही पाय वेग घेईनात. घाटाच्या शेवटच्या वळणावर साठी ओलांडलेले एक गृहस्थ मला मागे टाकून गेले. त्यांची पावले इतकी छोटी आणि इतकी भरभर पडत होती की ते उतरत आहेत की घरंगळत आहेत, असा प्रश्न पडावा. जाता जाता म्हणाले, "सर, पाय आपटू नका. सोडून द्या." बोलण्यावरून सातारचेच असावेत. सल्ला अगदी बरोबर होता, फक्त चार किलोमीटर उशिरा मिळाला.

घरी आल्यावर मी या गोष्टीचा अभ्यास केला तेव्हा आपण काय चूक केली ते उमजले. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना त्याच स्नायूला शरीराचा भार पेलत, ताणला जात असतानाच, ब्रेकसारखे काम करावे लागते. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून दम लागत नाही आणि माणसाला सगळे सोपे वाटते. पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती याच कामात, आणि तिचे दुखणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. चढावर श्वास पहारा देतो म्हणालो तो पहारेकरी उतारावर झोपलेला असतो. त्यातही लांब टांगा टाकून, टाच पुढे आपटत उतरणाऱ्याला हा दंड जास्त बसतो, कारण त्याचे प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक असतो. मी नेमका तसाच उतरत होतो.

अनुभवी धावपटूंना हे ठाऊक असते. अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनची सुरुवात हॉपकिंटन गावच्या उतारावर होते आणि तिथे पहिल्या काही मैलांत खूश होऊन सुटलेले लोक पुढे न्यूटन शहरातल्या टेकड्यांवर चालताना दिसतात, तेव्हा त्यांना टेकड्यांनी नव्हे तर सुरुवातीच्या उताराने गाठलेले असते. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या मॅरेथॉनहूनही लांब शर्यतीची दिशा साधारणपणे आलटून-पालटून बदलते. पीटरमारिट्झबर्गहून डर्बनकडे उतरण्याच्या वर्षी वेळा सहसा चांगल्या लागतात, पण मांड्यांचे हाल जास्त होतात, असे तिथे धावून आलेले आपल्याकडचे लोकही सांगतात. साताऱ्याचे अंतर त्यामानाने किरकोळ आहे. मात्र चढाने थकवलेल्या पायांवर लगेच उतार सोपवण्याची या शर्यतीची रीत मला जास्त कठोर वाटते.

आता तयारीची गोष्ट, जी सांगताना आजही मला थोडी लाज वाटते. सांगलीत डोंगर नसल्याने मी आणि माझा एक मित्र दीड-दोन महिने दर रविवारी मिरजेच्या पुढे दंडोबाच्या डोंगराला जात होतो. मी पायथ्यापासून धावत वर जायचो आणि तो मोटारसायकलवरून मागोमाग पाणी घेऊन यायचा. माथ्यावर पोहोचलो की मी त्याच्या मागे बसून खाली यायचो आणि पुन्हा चढायचो. उतरताना गुडघे झिजतात अशी माझी समजूत होती आणि ते शर्यतीसाठी राखून ठेवण्यात मोठे शहाणपण आहे असे मला वाटत होते. एका रविवारी मी असा चार वेळा चढलो आणि एकदाही उतरलो नाही. म्हणजे शर्यतीच्या निम्म्या भागाचा मी कसून सराव केला आणि उरलेल्या निम्म्याचा अजिबात नाही. बायकोला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फक्त पहिल्या सहामाहीचा अभ्यास करून वार्षिक परीक्षेला बसलात." मला उत्तर सुचले नाही. यातली खंत अशी की उताराची सवय स्नायूंना फार लवकर लागते. बेताच्या उतारावर एकदा-दोनदा व्यवस्थित धावून घेतले, तर पुढचे काही आठवडे त्याच कामाने होणारी इजा आणि दुखणे बरेच कमी होते. दंडोबाच्या त्या चार फेऱ्यांपैकी एक जरी पायी उतरलो असतो, तरी माझे निम्मे काम झाले असते.

बुटांबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. पुण्यातल्या एका दुकानातून मी जाड तळव्याचे, मऊ फोमचे, वेगासाठी बनवलेले बूट घेतले होते. विक्रेत्याने ते कोणत्याही रस्त्यावर चालतात असे सांगितले होते. सपाटीवर ते खरोखर सुरेख आहेत. ओल्या घाटात मात्र त्यांचा उंच तळवा वळणावर घोट्याला अस्थिर करतो आणि खालच्या गुळगुळीत रबराची पकड पांढऱ्या पट्ट्यांवर सुटते. शिवाय उतारावर पाय बुटात पुढे सरकून बोटे टोकाला आपटतात, त्यातून माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. यात बुटाइतकाच दोष नाडीचाही होता, कारण घोट्याजवळचे शेवटचे भोक वापरून नाडी घट्ट बांधली असती तर पाय इतका सरकला नसता. या शर्यतीला जुने, सवयीचे, तळव्याला खाचा असलेले साधे बूट बरे.

व्यवस्थेबद्दल सांगायचे तर पाणी वेळोवेळी मिळाले, स्वयंसेवक जागचे हलले नाहीत आणि वळणांवर उतरणाऱ्यांना सावध करणारी माणसे उभी होती. घाटाचा रस्ता मुळात अरुंद आहे आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो वाटून घ्यावा लागतो, म्हणून मधल्या फळीतल्या धावपटूने चढताना कडेला राहण्याची शिस्त स्वतःच पाळावी. पहिल्या फळीतले धावपटू समोरून उतरताना दिसतात, हा या जाऊन-येऊन मार्गाचा एक मोठा लाभ आहे. ते कसे उतरतात ते पाहावे. शरीर किंचित पुढे, पावले छोटी, हात मोकळे, आवाज जवळपास नाही. मला ते दिसत होते आणि मी टाळ्याही वाजवत होतो. पाहून शिकायचे तेवढे राहिले.

मुक्कामाची माझी निवड चुकली. स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये मला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, लिफ्ट बंद होती आणि पहाटे गरम पाणी नव्हते. शर्यतीआधी याचे काही वाटले नाही. शर्यतीनंतर पायऱ्या चढून गेलोही सहज. सामान घेऊन खाली उतरताना मात्र कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, शेवटचा मजला चक्क उलटा उतरलो. काउंटरवरचा मुलगा शांतपणे पाहत होता. त्याला हे दृश्य नवे नसावे. वाटेत कंदी पेढे घ्यायला थांबलो तेव्हाही दुकानाच्या दोन पायऱ्या चढण्याआधी उतरण्याचा विचार करावा लागला.

ही शर्यत कोणी करावी? ज्याला आपली सर्वांत चांगली वेळ नोंदवायची आहे त्याने करू नये, तिच्यासाठी सपाट रस्ते पुष्कळ आहेत. सपाटीवर दोन तासांच्या आत येणाऱ्याने इथे पंधरा-वीस मिनिटे जास्त धरावीत आणि तो फरक मनाला लावून घेऊ नये. पहिल्यांदाच एकवीस किलोमीटर धावणाऱ्याने आधी सपाटीवर एक अर्धमॅरेथॉन करून मगच साताऱ्याला यावे. बाकी ज्याला घाट, धुके, मोकळा वारा आणि रस्त्यावर उतरलेले गाव अशा गोष्टींची ओढ आहे, त्याला महाराष्ट्रात याहून चांगली सकाळ क्वचित मिळेल. मी पुन्हा जाणार आहे. परतीचा घाट पहिले दोन किलोमीटर पावणेसहा मिनिटांच्या वेगाने, म्हणजे मुद्दाम हळू, उतरायचा आणि शहरात शिरताना मांड्या कशा आहेत ते पाहायचे असे ठरवले आहे. मोटारसायकलवाल्या मित्राला पाण्याची बाटली घेऊन पायथ्याशीच थांबायला सांगितले आहे. आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक सूचना, राहण्याची सोय करताना खोली तळमजल्याची मागून घ्यावी.